धुनीतले लाकूड



कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला. महासतीजींनी विहार केला आणि चार महिने गजबजलेले स्थानक पुन्हा शांत झाले. अशा वेळी आपल्या व्यापारी मनाला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. कोणाचे किती उपवास झाले, कोणी अठाई केली, कोणी मासखमण केले, याची उजळणी घरोघर होते. माझ्या खात्यावर यंदा मोठी तपश्चर्या जमा नाही. एक जुनी समजूत मात्र खर्ची पडली आहे. तिची गोष्ट या अंकात सांगावी असे वाटले, कारण ती समजूत माझ्या एकट्याच्या घरातली नाही.

मंचरच्या बाजारपेठेत आमचे भुसार आणि किराणा मालाचे दुकान आहे. पणजोबा लोटा आणि दोरी घेऊन मारवाडातून आले, बैलगाडीत मीठ, गूळ आणि कापड भरून घोड नदीच्या खोऱ्यातली गावे फिरले, रात्री देवळाच्या ओवरीत झोपले. आजोबांनी पाठीवर पोती वाहिली. वडिलांनी पहाटे सहाला फळी उघडली आणि रात्री साडेनऊला लावली, अशी चाळीस वर्षे काढली. नावे आणि गावे बदलली तर ही कथा जुन्नर, नारायणगाव, ओतूर, घोडेगाव, आळेफाटा इथल्या आपल्या कोणत्याही घराला लागू पडेल. ती खरी आहे आणि तिच्याविषयी मला अभिमान आहे.

पण कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली की तिच्यातून एक सूत्र तयार होते. आमच्या घरात ते असे झाले: घामाशिवाय आलेले टिकत नाही. पुढे त्याचे रूप आणखी कडक झाले. जे सोपेपणाने होते ते खरे कामच नव्हे, असे आम्ही मानू लागलो. दुकानात गर्दी नसली तरी बसून राहायचे, कारण बसून राहणे हेच पुण्य. उधारीच्या वसुलीसाठी दर रविवारी गावोगाव जायचे, वाद घालायचे, चार शिव्या ऐकून चाळीस टक्के पैसे आणायचे, आणि संध्याकाळी थकून आल्यावर आज खरे काम झाले असे म्हणायचे. वडिलांचा चौविहार होता. आई सूर्यास्तापूर्वी दुकानावर डबा पाठवी आणि ते गादीच्या मागे बसून जेवून घेत. माझ्या काळात तेवढीही उसंत राहिली नाही. पच्चक्खाणाच्या वेळी मान खाली घालून मी म्हणत असे, "महाराज साहेब, धंद्यामुळे जमत नाही." आपल्यापैकी किती जणांच्या तोंडी हे वाक्य आहे, ते ज्याचे त्याने आठवावे.

माझा मुलगा पुण्यात वाणिज्य शाखेची पदवी घेऊन परत आला आणि तीन वर्षे दुकानात बसला. एके दिवशी त्याने एक वही माझ्यासमोर ठेवली. दोन महिने त्याने कोणत्या तासाला किती विक्री होते याची नोंद केली होती. संध्याकाळी सातनंतरची विक्री इतकी किरकोळ होती की दिव्याचे बिल आणि नोकरांचा जादा वेळ जाता हाती फारसे काही उरत नव्हते. त्याने दोन गोष्टी सुचवल्या. दुकान सूर्यास्ताच्या सुमारास बंद करावे आणि रविवारची वसुली थांबवावी. गिऱ्हाइकांच्या हाती फोन आहेत, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्याचा आकडा पाठवला तर बहुतेक लोक आपण होऊन पैसे पाठवतील, असे त्याचे म्हणणे होते.

मला त्या वहीत आळस दिसला. चार गिऱ्हाइके समोर उभी असताना मी त्याला म्हणालो, "तुझ्या आजोबांच्या वडिलांनी पाठीवर पोती वाहिली, म्हणून तुला खुर्चीत बसून अक्कल सुचते आहे. फुकटचे खायची सवय लागली तुला." त्याने वही उचलली आणि एक शब्दही न बोलता तो आत गेला. दोन महिन्यांनी पुण्यात नोकरी धरली. विचारणाऱ्यांना मी सांगत राहिलो की आजच्या मुलांना कष्ट नकोत.

गेल्या वर्षीच्या संवत्सरीला प्रतिक्रमण झाल्यावर रिवाजाप्रमाणे मी त्याला फोन केला आणि मिच्छामि दुक्कडम् म्हटले. क्षणभर थांबून त्याने विचारले, "पप्पा, कशाबद्दल?" त्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, "कळत-नकळत जे काही झाले असेल त्याबद्दल." तोही तेच म्हणाला. फोन बंद झाला. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागून आलेल्या मला एका जीवाची क्षमा नेमकी कशाबद्दल मागायची, हे सांगता आले नव्हते.

यानंतरची पहिली पायरी धर्मस्थानात घडली नाही. ती घडली खोडदला. नारायणगावच्या पूर्वेला, जुन्नर तालुक्यातच, शेतांच्या मधोमध त्या प्रचंड पांढऱ्या तबकड्या आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरते आणि शाळकरी मुलांची झुंबड उडते. पुतण्याच्या मुलीने हट्ट धरला म्हणून मी तिला घेऊन गेलो. मनात धाकधूक अशी की एक दिवस दुकान नोकरांवर सोडले आहे.

त्या दुर्बिणीत तीस तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधल्या भागात जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, अशा सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात त्या उभ्या आहेत. एवढी मोठी तबकडी म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. वादळी वाऱ्यात ती टिकवायची तर लोखंडाचा केवढा डोलारा उभारावा लागेल, असा प्रश्न माझ्या मनात आला. तेवढ्यात समजावून सांगणारा तरुण म्हणाला, "जवळून पाहा, ही तबकडी भरीव नाही. ही जाळी आहे." खरोखर ती अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड अशा पोलादी तारेची जाळी होती. मधल्या भागात एक सेंटिमीटरची, तर कडेला दोन सेंटिमीटरची भोके. ज्या रेडिओ लहरी ही दुर्बीण टिपते, त्या काही वितीच्या तर काही मीटरभर लांबीच्या असतात. एवढ्या लांब लहरीला एवढेसे छिद्र जाणवत नाही. तिच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे भिंतच. वारा मात्र त्यातून निघून जातो. वाऱ्याशी झगडावे लागत नाही म्हणून आधाराचा सांगाडा हलका झाला, आणि हलका झाला म्हणून खर्च आवाक्यात आला.

ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली, त्या गोविंद स्वरूप यांच्याविषयी मी नंतर मिळेल ते वाचले. १९६३ मध्ये ते परदेशातून परत आले आणि होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. खोडदच्या आधी त्यांनी उटीला एक दुर्बीण उभारली होती. तिची हकिकत मला खोडदहूनही अधिक भिडली. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाशातला तारा उगवून मावळेपर्यंत सरकत राहतो. दुर्बिणीला त्याच्या मागे वळावे लागते, आणि साधारणतः दोन दिशांनी एकाच वेळी वळावे लागते. अजस्र यंत्राला असे वळवणे फार खर्चाचे काम. पण दुर्बिणीची लांबी पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवली, तर एकाच अक्षाभोवती फिरवून भागते. त्यासाठी ती जमिनीच्या पातळीपासून तेथील अक्षांशाइतकी कललेली हवी. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर-दक्षिण उतार नेमका ११ अंशांच्या आसपास आहे अशी टेकडी शोधली आणि ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण तिच्या अंगावर बसवली. १९७० मध्ये ती काम करू लागली. जे काम यंत्राला झटून करावे लागले असते, त्यातले निम्मे टेकडीच्या उताराने आपण होऊन केले.

हे वाचून कोणी म्हणेल की स्वरूप यांनी कष्ट केले नाहीत. तसे नाही. टेकड्या हिंडणे, वर्षानुवर्षे आकडेमोड करणे, दिल्लीहून मंजुरी मिळवणे, यात आयुष्य गेले. पण त्यांचे कष्ट उतार शोधण्यात गेले, चढाशी कुस्ती खेळण्यात गेले नाहीत. आणि हे शहाणपण आपल्या मातीला परके कुठे आहे? जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळापासून कोकणच्या बंदरांचा माल त्या वाटेने वर येत असे. आजही घाटमाथ्यावर तो दगडी रांजण दाखवून लोक सांगतात की यात जकातीची नाणी पडत. घाट म्हणजे तरी काय? सह्याद्रीच्या कड्याशी झुंजत न बसता त्याच्यात जिथे खिंड आहे तिथून काढलेली वाट. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. आपलाच पेशा करणारी ती माणसे. ओझी वाहण्याचे श्रम त्यांच्या काळातही होतेच, पण शहाणा व्यापारी बैल हाकण्यापूर्वी खिंड कुठे आहे हे विचारीत असणार.

मला मात्र खिंड दाखवणारी वही समोर आली तेव्हा राग आला होता. का, हा प्रश्न खोडदहून परतताना मनात घर करून राहिला.

उत्तर शोधताना मी आपल्याच शास्त्राकडे वळलो. कोणतेही कार्य घडते तेव्हा पाच हेतू एकत्र येतात, असे आपण लहानपणापासून ऐकतो. काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ. यालाच पाच समवाय म्हणतात. सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात स्पष्ट सांगितले आहे की यांपैकी एकेक सुटा धरून तोच सर्वस्व मानला तर ते मिथ्यात्व, आणि पाचही एकत्र पाहिले तर सम्यक्त्व. नुसत्या नियतीवर भरवसा ठेवणारा चुकतो, हे आपण चटकन मान्य करतो. उपासकदशांगातली सद्दालपुत्त कुंभाराची कथा प्रसिद्धच आहे. सारे ठरलेले असते, प्रयत्नाला अर्थ नाही, असे तो मानत असे. भगवान महावीरांनी त्याला विचारले की तुझी ही मडकी कोणी फोडली तर तू त्याला दोषी धरशील की नाही? त्या एका प्रश्नाने त्याचा नियतिवाद डळमळला आणि पुढे तो भगवंतांच्या दहा प्रमुख श्रावकांत गणला गेला. पण याच नाण्याची दुसरी बाजू आपण पाहत नाही. नुसता पुरुषार्थ धरून बसणे हाही एकांतच आहे. अनेकांतवादाच्या घरात जन्मलेले आपण व्यापारी, कष्टाच्या बाबतीत मात्र एकांतवादी झालो आहोत.

याचा पुरावा हवा असेल तर नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे पाहावे. २०२३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात टोमॅटो मातीमोल झाला होता. शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला, उभ्या पिकात जनावरे सोडली. त्याच वर्षी जुलैत भाव असे कडाडले की जुन्नर तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी एका हंगामात कर्ज फेडून पुढच्या पिढीची सोय केली. मार्चमध्ये निंदणी करणाऱ्यांचे कष्ट कमी होते का? माती तीच, घाम तोच. वेगळा होता तो काळ. जुलैत कमावलेल्याने सारे श्रेय घामाला द्यावे हा अहंकार, आणि मार्चमध्ये बुडालेल्याने सारा दोष स्वतःच्या घामाला द्यावा हा अन्याय. कष्ट हा पाचांतला एक. त्याला पाचांचे ओझे उचलायला लावले की माणूस वाकतो, आणि आपल्याबरोबर घरच्यांनाही वाकवतो.

इथे एक शंका येईल, मलाही आली. आपल्या परंपरेचे नावच श्रमण. श्रम करणारा तो श्रमण. भगवान महावीरांनी साडेबारा वर्षे घोर साधना केली आणि कोणाचे साहाय्य घेतले नाही. मग कष्टाला कमी लेखणारे आपण कोण?

या शंकेचे उत्तर यंदाच्या चातुर्मासाच्या पहिल्याच आठवड्यात महासतीजींच्या प्रवचनात मिळाले. त्यांनी कमठाची कथा सांगितली. वाराणसीच्या बाहेर कमठ नावाचा तापस पंचाग्नी तप करीत बसला होता. चारी बाजूंना धुनी पेटलेल्या, वर तळपता सूर्य. लोक त्या कष्टांना हात जोडत होते. पार्श्वकुमार तिथे आले. त्यांनी एका धुनीतले जळते लाकूड बाहेर काढायला लावले आणि ते जपून फाडवले. आत एक नाग अर्धवट होरपळलेला होता. कुमारांनी त्याला नवकार ऐकवला. कथा सर्वांना पाठ आहे. महासतीजींनी मात्र एकच गोष्ट विचारली: "कमठाचे कष्ट खोटे होते का?" सभा गप्प. त्या म्हणाल्या, "खोटे नव्हते. ऊन खरे होते, आग खरी होती, भाजणारे अंगही खरे होते. उणीव एवढीच की त्याने आपल्या लाकडात कोण आहे हे पाहिले नाही. ज्या श्रमाने कषाय पातळ होतात तो श्रमणाचा श्रम. ज्या श्रमाने मान वाढतो आणि दुसरा जीव होरपळतो, ते बालतप."

मी मागच्या ओळीत बसलो होतो. त्या दिवशी मी उठून दुकानात गेलो तरी माझे लक्ष कशातच लागले नाही. माझ्या धुनीत कोण होते, ते एकेक करून दिसू लागले. पत्नीचा चौविहार. ती दिवस मावळण्यापूर्वी जेवून घेई आणि रात्री दहाला माझे ताट वाढण्यासाठी पुन्हा चुलीपाशी उभी राही. पंचवीस वर्षे आम्ही एकत्र जेवलो ते फक्त सुट्टीच्या दिवशी. दुकानातला हमाल दिवसभर पोती उचलतो, आणि मालक उठत नाही म्हणून साडेनऊपर्यंत नुसता बाकावर बसून राहतो. त्याची मुले तो घरी पोचेपर्यंत झोपलेली असतात. आणि ती वही घेऊन उभा असलेला माझा मुलगा. लोक माझ्या कष्टांना हात जोडत होते आणि मला ते आवडत होते. वहीचा राग आला तो याच कारणाने. काम सोपे झाले असते तर माझे तप गेले असते.

मी चार महिन्यांसाठी नियम घेतला. सूर्यास्तापूर्वी पाऊण तास दुकान बंद करायचे, घरी जाऊन पत्नीबरोबर जेवायचे, आणि रविवारची वसुली थांबवायची. नोकरांचा पगार तोच ठेवायचा.

पहिल्या संध्याकाळची हकिकत सांगितली पाहिजे, कारण यापैकी काही करू पाहणाऱ्याला ती भेटणारच आहे. फळ्या लावल्या, घरी आलो, जेवलो. बाहेर अजून उजेड होता. शेजारची दुकाने चालू होती. मला विलक्षण भीती वाटू लागली. तोट्याची नव्हे, तो किती होईल हे वहीत लिहिलेले होते. भीती अशी होती की आता माझी किंमत काय? हात रिकामे होते आणि रिकाम्या हातांच्या माणसाला आमच्या घरात कधी मान मिळाला नव्हता. दोनदा मी चप्पल घालून दारापर्यंत गेलो. पत्नी म्हणाली, "बसा हो जरा. दुकान पळून जात नाही." मग आम्ही दोघे ओट्यावर बसलो. काय बोलावे ते सुचेना. पंचवीस वर्षांची सवय नव्हती. चार दिवसांनी सुचू लागले, आणि पंधरा दिवसांनी मी संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला स्थानकात जाऊ लागलो.

आता जमाखर्च. दोन जुनी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानाकडे गेली, ती परत आली नाहीत. बाकीची लवकर येऊ लागली. वसुलीचे म्हणाल तर बहुतेकांनी निरोप गेल्यावर पैसे पाठवले. जे पूर्वीही देत नव्हते त्यांनी आताही दिले नाहीत. फरक एवढाच की आता त्यांच्यासाठी माझे रविवार आणि माझी जीभ खराब होत नाही. दिवाळीच्या आठवड्यात गर्दी पाहून माझा लोभ जागा झाला आणि दोन दिवस नियम मोडला. त्याची आलोचना महासतीजींपुढे केली. एकूण नफा थोडा घटला आहे. पण घरात जे जमा झाले आहे त्याला खतावणीत पान नाही.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्याच्या घरी सकाळी कमावले तरच संध्याकाळी चूल पेटते, त्याला मी कष्ट सोड असे सांगू शकत नाही. आमचा हमाल पोती उचलणे सोडू शकत नाही, आणि मारवाडातून निघालेल्या पणजोबांनाही तो पर्याय नव्हता. त्यांनी झगडा केला तो गरजेपोटी. आपण तो करतो सवयीपोटी, आणि त्याला त्यांचे नाव देतो. पूर्वजांच्या कष्टांचा मान राखायचा तर त्या कष्टांचे फळ ओळखले पाहिजे. त्यांनी पाठीवर पोती वाहिली ती नातवंडांच्या पाठीवरचे ओझे उतरावे म्हणूनच ना? मग ते उतरलेले ओझे पुन्हा पाठीवर घेऊन मिरवणे हा त्यांचा मान कसा? परिग्रह केवळ सोन्याचा आणि जमिनीचा असतो असे नाही. कष्टांचाही परिग्रह होतो.

मुलांच्या बाबतीत तर हे विशेष पाहावे. एखादे मूल सहज गाते, सहज हिशेब करते, सहज माणसे जोडते. आपण म्हणतो, त्यात काय, हे तर त्याला येतेच. आणि जे येत नाही त्यासाठी त्याला रात्र रात्र जागवतो. पाच समवायांतला स्वभाव तो हाच. तो टेकडीचा उतार आहे. त्यावर दुर्बीण बसवायची, की उतार खणून सपाट करायचा, हे आईबापांच्या हाती असते.

यंदाच्या संवत्सरीनंतर, पारण्याच्या सकाळी, मी मुलाला फोन केला. त्याने विचारण्याआधीच सांगितले, "त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर तुला फुकटखाऊ म्हणालो. तू आळशी नव्हतास. तुझी वही बरोबर होती. ती पाहून मला स्वतःची भीती वाटली म्हणून तुझ्यावर ओरडलो. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "पप्पा, पारणं झालं का?" मी म्हणालो, "झालं. आत्ताच तुझ्या आईबरोबर बसून केलं."

तो दुकानात परत आलेला नाही आणि मी त्याला ये म्हटलेले नाही. दिवाळीला वहीपूजनासाठी आला होता. जाताना ती जुनी वही कपाटातून काढून माझ्या गादीवर ठेवून गेला. सूर्यास्तानंतरच्या तासांची पाने मी अजून कोरीच ठेवली आहेत.

चातुर्मास संपला असला तरी नियम पुढे चालू ठेवला आहे. वाचकहो, आपणही एखाद्या संध्याकाळी आपल्या धुनीपाशी क्षणभर थांबावे, एक लाकूड बाहेर काढावे आणि जपून फाडून पाहावे, एवढीच विनंती.

या लेखात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मन, वचन आणि कायेने मिच्छामि दुक्कडम्.